‘या’ म्हटलं म्हणून आले

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसू नका.

ज्या घरात ही घडली त्या घरात मी पन्नास वेळा जेवलोय. अंजनी माझी आतेबहीण. तिची मुलगी संपदा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं मला हे सगळं तीन वेळा सांगितलं. मी माणूस जरा किरकिरा. मधे मधे अडवलं, उलटं सुलटं विचारलं. ती चिडली, रडली. पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

जागा सांगतो. जबलपूर. रांझीच्या पुढे फॅक्टरीच्या जुन्या क्वार्टरांची एक लाइन आहे. बारा क्वार्टर, सगळे बैठे, वर कौलं. मागे मोठं मोकळं मैदान. त्याला तिथले लोक ‘पडाव’ म्हणतात. पडाव म्हणजे फौजेचा मुक्काम. कोणाची फौज, कधीची, हे कोणालाच माहीत नाही. कोणी विचारतही नाही. पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

वेळही सांगतो. मे महिना, बुधवार. संध्याकाळी साडेसात ते सात बेचाळीस.

बारा मिनिटं. फक्त बारा.

त्या दिवशी शहरात ब्लॅकआउटची मॉक ड्रिल होती. लढाई झाली, वरून विमानं आली तर काय करायचं, त्याची तालीम. भोंगा वाजला की सगळ्यांनी दिवे घालवायचे, घरात बसायचं. दुसरा भोंगा वाजला की दिवे लावायचे. संपदा एनसीसीत होती, म्हणून लाइनीचं काम तिच्याकडे आलं. मदतीला शेजारचा गौरांग, सोळा वर्षांचा, आणि तिचा धाकटा भाऊ चिराग. तिघांना नारिंगी जॅकेटं मिळाली होती.

चिराग चौदाचा. आवाज नुकताच फुटत होता. दिवसभर भूक भूक करायचा. घरात अंजनी मराठी बोलायची आणि हा हिंदीत उत्तर द्यायचा. समजायचं सगळं, पण बोलायची लाज. मराठीत दोन वाक्यं बोलला तर अंजनी त्याला जिलबी द्यायची. तरी बोलायचा नाही. तिला मम्मीच म्हणायचा.

त्यांचे वडील चंद्रशेखर दुसऱ्या पाळीला होते. तिकडेही ड्रिल, त्यामुळे गेट बंद. लाइनीतले बहुतेक बापे आतच अडकलेले. घरांमधे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं.

सातला पाच कमी असतील. उजेड होता अजून. संपदा फाटकापाशी उभी होती.

पडावाकडून एक माणूस आला.

डोक्याला पागोटं, अंगात बंडी, पायात काही नाही. मैदानावर कधी कधी मेंढ्यावाले उतरतात. तिला वाटलं, त्यांच्यातला कोणी असेल.

“बाई, पाणी मिळंल का?”

मराठीत बोलला. जबलपुरात रस्त्यावरचा माणूस मराठीत बोलला की आपल्या लोकांना किती बरं वाटतं, हे तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. संपदा पळत जाऊन लोटा घेऊन आली. त्यानं ओंजळ धरली. एक लोटा प्यायला. दुसरा प्यायला. मग तिनं बादलीच आणली. बादली संपली.

खाली एक थेंब सांडला नव्हता...

त्याचे ओठ मात्र तसेच कोरडे.

“घरं किती?” त्यानं विचारलं.

“बारा.”

“पोरं?”

सकाळीच तिनं ड्रिलसाठी यादी केली होती. आकडा तोंडपाठच होता. “एकोणीस,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. “येतो,” म्हणाला.

“या,” संपदा म्हणाली.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा. आपल्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि आपण त्याला ‘या’ म्हणतो. संपदाच्या हिंदी मैत्रिणी यावरून तिला चिडवायच्या, जाने वाले को आओ बोलते हो तुम लोग. पण अंजनीनं पोरांना लहानपणापासून बजावलेलं. घरातून निघणाऱ्याला ‘जा’ म्हणायचं नाही. ‘जा’ म्हणजे कायमचं.

तो चार पावलं गेला आणि थांबला.

“सगळेच येऊ न?” त्यानं मागे न बघता विचारलं.

तिला वाटलं, बाकीच्यांनाही तहान लागली असेल. ती हसून म्हणाली, “हो न. या सगळे.”

तो गेला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... गल्लीतली कुत्री भुंकत नव्हती. सगळी गौरांगच्या घराच्या ओट्याखाली एकमेकांवर चढून बसली होती.

साडेसातला भोंगा वाजला.

एकेक खिडकी विझत गेली. रस्त्यावरचे दिवे गेले. लांब शहराकडे आभाळाला जो उजेड असतो तोही गेला. तिघं गल्लीत उभे. चिराग उगाच खिदळत होता. मग त्याचंही खिदळणं थांबलं.

पहिलं मिनिट काही नाही.

दुसऱ्या मिनिटाला पडावाकडून आवाज आला.

धप... धप... धप...

पावलं. पुष्कळ पावलं, एकाच वेळी पडणारी.

“बड्डे, आर्मीवाले भी आ गए क्या ड्रिल में?” गौरांग कुजबुजला. जबलपुरात दोस्ताला ‘बड्डे’ म्हणतात.

संपदानं ऐकलं. एनसीसीत दोन वर्षं परेड केलेली पोरगी ती. बुटांचा आवाज तिला झोपेतही कळला असता.

“आर्मी नंगे पाँव चलती है क्या?” ती म्हणाली.

पहिल्या क्वार्टरात तुळशीराम काका राहायचे. सत्तरीचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले, ड्रिलचे वॉर्डन. गळ्यात शिटी. ते तरातरा बाहेर आले. “ओ भैया, रुको. कौन हो तुम लोग? ब्लॅकआउट है, हटो यहाँ से.” त्यांनी शिटी तोंडात धरली.

काहीतरी फाटल्याचा आवाज झाला.

आणि मग शिटी वाजली... बारीक, लांबलचक, थरथरत. काकांनी ती वाजवली नव्हती. त्यांचा श्वास निघत होता, तो शिटीतून निघत होता.

संपदानं टॉर्च लावला. ड्रिलमधे लावायचा नव्हता, तरी लावला. काका उभेच होते, कारण भाल्यानं त्यांना उभं धरलं होतं. भाला पोटातून शिरून पाठीतून बाहेर आला होता. मागे गल्लीभर पागोटीच पागोटी. त्यांचे डोळे टॉर्चच्या उजेडात लकाकत नव्हते. खळगे होते नुसते.

“एका घरामागं एक पोरगं काढा,” कोणीतरी मराठीत ओरडलं. “ओझं उचलायला.”

आणि दारं फुटायला लागली.

पहिलं दार. दुसरं दार. बायकांच्या किंकाळ्या. एका घरातून बारा वर्षांच्या पोराला केसांना धरून फरफटत आणलं. त्याची आजी आडवी पडली, तर तिच्या अंगावरून पाय देऊन गेले.

इथं मला संपदाचं कौतुक वाटतं, आणि तिच्या तोंडावर मी तसं म्हटलंही. आपण असतो तर पलंगाखाली शिरलो असतो. तिनं आधी चिरागला घरात ढकललं, आईजवळ. बाहेरून कडी घातली. मग शिटी काढून तीनदा वाजवली. दुपारीच पोरांना सांगून ठेवलं होतं, तीन शिट्या म्हणजे सगळ्यांनी बाहेर.

पोरं आली. कोणी तेरा वर्षांचं, कोणी सतरा. हातात हॉकी स्टिक, बॅट, सळई, जे सापडलं ते. दहा-अकरा जण असतील. तिथलीच जन्मलेली, तिथंच वाढलेली पोरं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

गौरांगनं कपडे वाळत घालायची तार तोडली आणि गल्लीच्या दोन खांबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली. पहिली रांग धावत आली ती तारेवर कोसळली. पोरं तुटून पडली. पाचव्या क्वार्टरातली वैभवी छपरावर चढली आणि कौलं काढून वरून त्यांच्या डोक्यात घालायला लागली.

लोक म्हणतात, भुताला मार लागत नाही. कोण म्हणतं? लागतो. हाड मोडल्याचा आवाज येतो. डोकं फुटतं. पण आतून रक्त येत नाही... माती सांडते. कोरडी, भुरभुरीत माती. आणि मानेतून वाकलेला माणूस तसाच वाकडी मान घेऊन उठतो.

संपदानं एकाच्या गुडघ्यावर स्टिक घातली. तो खाली बसला आणि त्यानं तिचा घोटा धरला. माठाच्या बुडासारखा थंडगार हात. ती त्या हातावर मारत राहिली, मनगट तुटेपर्यंत. तुटलं तरी बोटं सुटली नाहीत. तिला ती ओढून काढावी लागली.

तिनं घड्याळ पाहिलं. सात छत्तीस.

“सायरन तक रोको,” ती ओरडली. “छह मिनिट. बस छह मिनिट.”

तिला वाटत होतं, दिवे आले की हे जातील. काहून वाटलं, तिलाही सांगता येत नाही.

गौरांग तिच्या उजव्या हाताला होता. तलवार आली ती तिला दिसली नाही. नुसता वारा लागला. गौरांग बॅट उचलायला गेला तर बॅट हातात राहीना. त्यानं हाताकडे पाहिलं. दोन बोटं नव्हती. “अरे,” तो म्हणाला, अगदी हळू. मग बॅट डाव्या हातात घेतली आणि पुन्हा मारायला लागला.

सहाव्या क्वार्टरापर्यंत पोरं मागे हटली. सातवं संपदाचं घर. सात एकोणचाळीस झाले होते. तीन मिनिटं राहिली होती. तिथून एक पाऊल मागे हटायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. बोलून नाही, तसंच.

आणि मागच्या बाजूनं दार मोडल्याचा आवाज आला.

पडावाच्या बाजूनं.

संपदा धावली. चिरागला अंगणात ओढून आणलं होतं. अंजनी त्याच्या पायाला लोंबकळत होती. एकानं तिच्या मनगटावर टाच दिली. मनगट कट्‌कन मोडलं. तिनं दुसऱ्या हातानं पाय धरला. त्यानं तिच्या तोंडावर लाथ मारली. मग ती पडली.

चिरागच्या कपाळावर कातड्याचा पट्टा चढवला. पट्ट्याला मागे गाठोडं. भलंमोठं. पोराची मान वाकली, पाय थरथरायला लागले.

“दीदी,” तो म्हणाला. “दीदी, भारी है.”

पट्टा धरून उभा होता तो पाणी प्यायलेला माणूस.

संपदानं सगळा जीव एकवटून त्याच्या तोंडावर स्टिक मारली. जबडा एका बाजूला सरकला. त्यानं हातानं तो जागेवर बसवला. आणि शांतपणे बोलला. रागानं नाही. पाहुणा बोलतो तसा.

“बाई, तुम्हीच या म्हटलं. सगळे या म्हटलं. पोरंही मोजून सांगितली. आता काहून मारून राहिल्या?”

गल्लीतल्या पोरांनी ते ऐकलं. गौरांगनं ऐकलं. जमिनीवर पडलेल्या अंजनीनंही ऐकलं.

संपदा म्हणते, त्या क्षणी मी मेले असते तर बरं झालं असतं.

पण तिच्या डोक्यात एकच आलं. बोलावलं म्हणून आलेत. मग घालवायचं.

आयुष्यात तिनं हा शब्द कोणाला म्हटला नव्हता. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“जा,” ती ओरडली. “जा. निघा. परत येऊ नका. जा.”

सगळं थांबलं.

उचललेले भाले तिथंच थांबले. ज्यांनी पोरांचे केस धरले होते त्यांनी केस सोडले. सगळे वळले, रांगा धरल्या, आणि पडावाकडे चालायला लागले. धप... धप... धप... सुटलेली पोरं जागच्या जागी बसली. वैभवी छपरावरून रडत रडत हसायला लागली.

आणि चिरागही वळला.

त्याचा पट्टा कोणी धरला नव्हता. तो माणूस पुढे निघून गेला होता. चिराग आपल्या पायांनी चालत होता, रांगेत, त्यांच्या पावलाला पाऊल मिळवून. मान तेवढी मागे वळवलेली. डोळे फाटलेले.

“दीदी, मैं नहीं... मेरे पैर... दीदी.”

आता नीट ऐका. मराठीत एकाला बोलवायचं तर ‘ये’ म्हणतो. अनेकांना, मोठ्यांना ‘या’. दोन वेगळे शब्द. पण ‘जा’ एकालाही ‘जा’ आणि शंभरांनाही ‘जा’. रांगेत जो जो उभा होता त्या सगळ्यांना ते लागलं. ज्याच्या डोक्यावर त्यांचा पट्टा होता, त्यालाही.

ती त्याच्यामागं धावली. पट्टा दोन्ही हातांनी पकडला. तो चालतच राहिला. ती पडली, तरी सोडलं नाही. खडीवरून, काट्यांतून तो तिला ओढत घेऊन गेला. चौदा वर्षांचा, पंचेचाळीस किलोचा पोरगा. पट्टा तिच्या तळव्यांत हाडापर्यंत शिरला. “चिराग, ये,” ती ओरडली. “ये रे, ये.” पण तिच्या तोंडात माती गेली होती. आवाज फुटला नाही.

सात बेचाळीस. भोंगा.

दिवे आले.

मैदानाच्या मधोमध, क्रिकेटच्या पिचवर संपदा पालथी पडली होती. तिच्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. फक्त तिच्यापर्यंत एक लांब ओरखडा आला होता. आणि तिच्यापुढे अनवाणी पावलं... दहा-बारा पावलांपर्यंत दिसत होती. मग नव्हती.

पोलिसांनी लिहून घेतलं की अंधाराचा फायदा घेऊन टोळी घुसली. तुळशीराम काकांचा खून. गौरांगवर हल्ला. चिराग बेपत्ता. त्यांची तरी काय चूक? पोरांनी जे सांगितलं ते कोणत्या कागदावर लिहिणार? चार महिने शोध चालला. चंद्रशेखर फोटो घेऊन नागपूरपर्यंत प्रत्येक स्टेशनवर फिरले.

अंजनी कुठं गेली नाही. मोडलेला हात गळ्यात बांधून ती रोज दिवेलागणीला मागच्या दारात उभी राहायची. पडावाकडे तोंड करून हाक मारायची.

“चिराग, ये रे बाळा. ये.”

महिना झाला. एका संध्याकाळी मैदानातून उत्तर आलं.

आवाज चिरागचा होता. नुकता फुटलेला, तसाच घोगरा. संपदा आईच्या मागेच उभी होती. तिनंही ऐकलं.

“आई, मला एकट्याला सोडत नाहीत. ये नको म्हणू. या म्हण. सगळे या म्हण, मग मी येतो.”

संपदानं आईच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. अंजनी तिला चावली. तरी तिनं हात काढला नाही.

घरात येऊन ती आईला म्हणाली, “मम्मी, वह चिराग नहीं है. चिराग को इतनी मराठी नहीं आती थी. तो तुला आई कधी म्हटला का?”

अंजनी म्हणाली, “शिकला असंल. तिथं सगळे मराठीच बोलत असतील न.”

 

लाइनीतली सात घरं रिकामी झाली. चंद्रशेखरनी विजय नगरला फ्लॅट भाड्यानं घेतला, सामान बांधलं. अंजनी म्हणाली, मी इथून हलणार नाही, तो आला तर कुठं शोधंल? मग कोणीच गेलं नाही. संपदाला भोपाळला कॉलेज मिळालं होतं, तिनं सोडलं. आता पोरांनी पाळ्या लावल्यात. रोज दिवेलागणीला एक जण अंजनीजवळ बसतो. संपदा, वैभवी, गौरांग. गौरांग आठ बोटांनी तिला चहा करून देतो, तिच्याशी गप्पा मारतो, आणि तिच्या ओठांवरून नजर काढत नाही. जीव लावतात तिला पोरं. घाबरतातही तिलाच.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. दुपारी जायचं आणि उजेडी निघायचं ठरवून गेलो, पण बोलता बोलता वेळ झाला. संपदा आत देवाजवळ दिवा लावत होती. मी चपला घातल्या. अंजनी मला सोडायला फाटकापर्यंत आली. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. ती मला दादा म्हणते, अहो-जाहो करते.

तिनं माझा हात धरला. मोडून वाकडा बसलेल्या त्या हातानं.

“निघाले का दादा?”

मी मान हलवली.

मैदान अगदी शांत होतं. कुत्री ओट्याखाली शिरायला लागली होती.

“असे कसे न बोलता चालले?” ती म्हणाली. हसली थोडी. डोळ्यांत पाणी होतं. “येतो म्हणा न, दादा. एकदा म्हणा. मोठ्या माणसाला मग मी काय म्हणते, ते म्हणू द्या न मला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ‘या’ तिनं मला म्हटलं असतं, आणि ऐकलं असतं मैदानानं.

मी तिचा हात सोडवला. एक शब्द बोललो नाही. स्कूटर ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तिथं सुरू केली, आणि मागे पाहिलं नाही. मागून ती हाक मारत होती, दादा, दादा, आणि संपदा धावत बाहेर आल्याचा आवाज झाला. मग हाक बंद झाली.

तेव्हापासून मी तिकडे गेलेलो नाही. अंजनीचा फोन येतो कधी कधी, आणि तो नेमका दिवेलागणीलाच येतो. मी दोन मिनिटं बोलतो. “ठेवतो,” म्हणतो, आणि ती काही म्हणायच्या आत ठेवून देतो.